उभ्या घड्याळातील आकाश

‘त्याची घटका भरली’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु भरते ते नेमके काय, ह्याचा विचार बोलताना क्वचितच मनात येतो. भरते ती तांब्याची एक वाटी. तिच्या बुडाला बारीक छिद्र पाडलेले असते. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडली म्हणजे छिद्रातून पाणी हळूहळू वर चढते, आणि वाटी भरून तळाशी गेली की एक घटका, म्हणजे आजच्या मोजणीची २४ मिनिटे, संपली. अहोरात्रात हे पात्र साठ वेळा बुडावे असे सूर्यसिद्धान्तात प्रमाण सांगितले आहे. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडवात असे घटिकापात्र मांडण्याची चाल पुष्कळ काळ टिकून होती. टोल देण्याच्या काशाच्या थाळीला तास म्हणत, आणि घड्याळ हा शब्द तर घटिकेच्याच कुळातला आहे.

ह्या साध्या वाटीचा एक गुण मात्र पुढे आलेल्या मोठमोठ्या यंत्रांना साधला नाही. ती जेथे मांडावी तेथलीच असते. सूर्योदयाला ती पाण्यात सोडावयाची आणि तेथपासून घटका मोजावयाच्या. त्यामुळे मुरबाडच्या मांडवातील घटका मुरबाडची आणि पैठणच्या मांडवातील पैठणची. वाटीला अक्षांश विचारावे लागत नाहीत.

अठराव्या शतकातील युरोपीय कारागिरांनी ह्याच्या अगदी उलट टोकाची वस्तू निर्माण केली. पुरुषाहूनही उंच अशा लाकडी कपाटात त्यांनी तास आणि मिनिटे तर बसविलीच, पण त्यांच्या जोडीला चंद्राच्या कला, सूर्याचे उदयास्त, राशी, क्वचित ग्रहसुद्धा बसविले, आणि तीन-चार तासांनी घंटांवर एखादी सुरावट वाजेल अशीही तजवीज केली. अशा घड्याळाला आज लोक ‘ग्रँडफादर’ म्हणतात. परंतु ते नाव हेन्री क्ले वर्क ह्या अमेरिकन गीतकाराच्या १८७६ मधील एका गाण्यामुळे रूढ झालेले आहे. घडविणाऱ्यांच्या तोंडी ते नव्हते. आपण त्याला नुसते उभे घड्याळ म्हणू. एवढे आकाश एका कपाटात कोंडावयाचे म्हणजे ते कोणत्या तरी एका गावचे आकाश असणार. मग ते कपाट दुसऱ्या गावी नेले तर काय होईल?

हा प्रश्न कोरडा राहू नये म्हणून आज लंडनमध्ये घडलेले असे एक घड्याळ कल्पनेने ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांत नेऊन ठेवावयाचे आहे. हे दोन तालुके निवडण्याला कारण आहे. दोन्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी, एकमेकांना लागून. शहापूर तालुक्यातून १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आगगाडी गेली आणि तिच्याबरोबर परक्या गावची वेळ आली. मुरबाड त्या काळी रुळांपासून दूरच राहिले. परंतु तेथे जाण्याआधी घड्याळाच्या पोटात एकदा पाहून घेणे जरूर आहे.

कपाट इतके उंच का? शोभेसाठी नव्हे. हॉलंडमधील हायगेन्सने १६५६ मध्ये घड्याळाला लंबक जोडला. पुढे १६७० च्या सुमारास लंडनमध्ये नांगराच्या आकाराचा एक पोलादी तुकडा योजण्यात आला, आणि त्यामुळे लांब लंबक अगदी थोड्या अंतरात झुलविणे शक्य झाले. बरोबर एका सेकंदात एक झोका पुरा करणारा लंबक लंडनमध्ये ९९४ मिलिमीटर, म्हणजे मीटरला सहा मिलिमीटर कमी, इतका लांब असावा लागतो. त्याच्या झुलण्याला आणि आठ दिवस हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनांना जागा हवी, म्हणून ते कपाट. नांगराखालच्या चक्राला तीस दात असतात. एक दात सुटावयास लंबकाचे दोन झोके लागतात. म्हणजे साठ झोक्यांत चक्राची एक फेरी. त्याच्याच आसावर सेकंदाचा काटा बसवावयाचा. इतके हे सरळ आहे, आणि इतके सरळ असल्यामुळेच अडीचशे वर्षांपूर्वीची अशी घड्याळे आजही चालू शकतात.

वेळ दाखविणे हे ह्या घड्याळाचे सोपे काम. अवघड काम चंद्राचे. तबकडीच्या माथ्यावर एक कमान असते आणि तिच्यामागे एक चकती फिरते. चकतीवर समोरासमोर दोन चंद्र रंगविलेले असतात, आणि कमानीच्या दोन्ही अंगांना पितळेचे दोन अर्धगोल उंचवटे असतात. चंद्र एका उंचवट्याआडून बाहेर येतो तो शुक्लपक्ष, दुसऱ्याआड लपू लागतो तो कृष्णपक्ष. चकतीच्या कडेला ११८ दात. बारा तासांनी एक दात पुढे सरकावयाचा, म्हणजे चकतीची फेरी ५९ दिवसांत. चंद्र दोन, म्हणून एका चंद्राच्या वाट्याला साडेएकोणतीस दिवस आले. युक्ती सुबक आहे. पण खरा चांद्रमास सरासरीने २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा असतो. ती ४४ मिनिटे दातांत बसत नाहीत. प्रत्येक महिन्याला घड्याळाचा चंद्र तेवढा पुढे पळतो, आणि तेहतीस महिने होत आले की पुरा एक दिवस पुढे गेलेला असतो. मग बोटाने चकती मागे घ्यावी लागते. आपला अधिक मासही साधारण तेवढ्याच अंतराने येतो. हा निव्वळ योगायोग आहे, दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. पण ज्या घरी असे घड्याळ असेल तेथे अधिक मास आला की चंद्र दुरुस्त करावा, हे लक्षात ठेवावयास सोयीचे होईल.

ज्या कारागिराला ही चूक सलत असे तो अधिक चांगले अपूर्णांक शोधी. उदाहरणच घ्यावयाचे तर दिवसातून एकदा फिरणाऱ्या आसावर आठ दातांचे चक्र बसवून त्याने ६३ दातांचे चक्र फिरवावे, आणि त्या दुसऱ्या आसावरील १६ दातांनी ६० दातांचे चक्र फिरवावे. शाळेतला मुलगाही गुणाकार करून पाहू शकेल: ६३ गुणिले ६०, भागिले ८ गुणिले १६, म्हणजे २९.५३१२५ दिवस. चूक महिन्याला एक मिनिटाहूनही कमी. पुरा दिवस चुकावयास सुमारे १२२ वर्षे लागतील, म्हणजे चकती मागे घेण्याचे काम पणतूवर येईल. कारागिरी म्हणतात ती येथे आहे. कपाटावरचे नक्षीकाम, सोनेरी मुलामा, तबकडीच्या कोपऱ्यातील देवदूतांची मुंडकी, ह्यांचे कौतुक पुष्कळ होते. परंतु ते सुताराचे आणि ओतकाम करणाऱ्याचे. घड्याळजीची बुद्धी पाहावयाची तर चक्रांचे दात मोजावे.

दात कापणे हेही काही हलके काम नव्हे. एका तबकडीवर वर्तुळांवर वर्तुळे आखून प्रत्येकावर समान अंतरावर भोके पाडलेली असत, आणि त्या भोकांच्या आधाराने पितळेची चकती दात-दात पुढे सरकवून कापीत. साठाचे भाग पाडणे सोपे. साठाला भाजक पुष्कळ. पण वर्षाच्या चक्राला ३६५ दात पाहिजेत, आणि ३६५ चे अवयव ५ आणि ७३. ह्यांपैकी ७३ ही मूळ संख्या, तिला कोणी भागत नाही. ह्या एका संख्येने किती कारागिरांच्या रात्री खाल्ल्या असतील! लहान पूर्णांकांनी आकाशाच्या जास्तीत जास्त जवळ जावयाचे, हा त्यांचा सारा व्यवसाय.

आपल्या पंचांगकर्त्यांचा व्यवसाय ह्याहून निराळा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ ह्यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हे आरंभाचे वर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचले. दिवसांच्या राक्षसी संख्या गणकाला गुणाव्या लागू नयेत म्हणून त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे, चक्र धरले, आणि ज्या गणितात इतरांना ज्या-कोज्यांची कोष्टके लागत ते त्यांच्यावाचून करून दाखविले. पितळेत दात कापणारा आणि पाटीवर अंक मांडणारा, दोघेही मोठ्या संख्येला लहान संख्येत बसविण्याच्याच खटपटीत. मुरबाडहून नाणेघाट चढून गेल्यावर सातवाहनकालीन गुहेत जो लेख आहे, त्यात ब्राह्मी अंक कोरलेले आहेत, आणि भारतातील अंकांच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. तेव्हा संख्यांचा हा उद्योग त्या मुलखाला नवा नाही.

एका बाबतीत मात्र पंचांग घड्याळाच्या पुढे आहे. घड्याळाचा चंद्र रोज सारख्याच गतीने चालतो. ज्योतिषाच्या भाषेत तो मध्यम चंद्र. आकाशातील चंद्र कधी जलद, कधी मंद चालतो. म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांहून लांबते, आणि तिथींचे क्षय-वृद्धी होतात. पंचांगकर्ता मध्यमावरून स्पष्ट चंद्र काढतो. उभे घड्याळ बहुधा तेवढ्या खोलात जात नाही. ग्रीकांनी दोन हजार वर्षांपूर्वी ते केले होते. १९०१ मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून जे गंजलेले यंत्र वर आले, त्यात चंद्राची ही कमी-अधिक गती खाचेत सरकणाऱ्या एका खिळ्याने साधलेली आढळली आहे. चतुर्थीचा उपास सोडावयाचा असेल तर अर्थातच अंगणात जाऊन चंद्र पाहणे बरे.

सूर्याच्या बाबतीत मात्र ह्या कारागिरांनी हार मानली नाही. सूर्यछायेवरून काढलेली वेळ आणि लंबकाची वेळ वर्षातून चार दिवसच जुळतात. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटांहून अधिक पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटे मागे. हा फरक दाखविण्यासाठी वर्षातून एकदा फिरणारी एक पितळी चकती घडवीत. तिचा आकार नेमका काजूच्या बीसारखा. तिच्या कडेवर एक कांडी टेकलेली असते. बीच्या फुगीर भागावर ती वर उचलली जाते, खोलगट भागात खाली बसते, आणि तिच्या ह्या वरखाली होण्यावर एक जादा काटा हलतो. ती कड केवळ कानशीने, कोष्टकातील रोजच्या आकड्याप्रमाणे घासून आणावी लागे. गणित हातात कसे उतरते, ह्याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

हे सर्व एकाच घड्याळात पाहावयाचे असेल तर फिलाडेल्फियाकडे वळावे लागते. डेव्हिड रिटनहाऊस हा शेतकऱ्याचा मुलगा, बव्हंशी स्वतःच शिकलेला. १७६९ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून गेला तेव्हा त्याने त्याचे वेध घेतले होते. १७७३ मध्ये त्याने पूर्ण केलेले उभे घड्याळ तेथील ड्रेक्सेल विद्यापीठात जतन केलेले आहे. त्यात तास-मिनिटांखेरीज चंद्राच्या कला आहेत, सूर्याचा आणि घड्याळाचा फरक आहे, ग्रहांची फिरती मांडणी आहे, आणि घंटांवर वाजणाऱ्या दहा सुरावटी आहेत. ग्रह शनीपर्यंतच, कारण युरेनस सापडला १७८१ मध्ये. शनीला एक फेरी घ्यावयास साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास लागतात. साडेसातीचा हिशेब ज्यांना पाठ आहे त्यांना हे सांगावयास नको. ज्या काट्याची एक फेरी पाहावयास माणसाचे अर्धे आयुष्य जावे, तो काटा बसविणाऱ्याच्या धीराला काय म्हणावे?

आता संगीत. त्यासाठी निराळे वजन आणि निराळी चक्रमाला असते. पितळेच्या एका पोकळ रुळावर शेकडो बारीक खिळे ठोकलेले असतात. रूळ फिरू लागला की एकेक खिळा एकेका हातोडीची शेपटी दाबून सोडतो आणि हातोडी घंटेवर पडते. रुळाचा घेर म्हणजे सुरावटीचा काळ; त्याची लांबी म्हणजे सप्तक. घेर समान भागांत विभागून कोणत्या मात्रेला कोणता खिळा, हे ठरवावे लागते. एक खिळा केसभर पुढे-मागे झाला की ताल लंगडला. सुरावट बदलावयाची तर सबंध रूळ किंचित बाजूला सरकवितात, म्हणजे खिळ्यांची दुसरी ओळ हातोड्यांसमोर येते. काही घड्याळांत आठवड्याच्या सात दिवसांना सात सुरावटी असत, आणि रविवारी प्रार्थनेची. रूळ धावत सुटू नये म्हणून टोकाला एक लहान पंखा असतो. हवेचा विरोध हाच त्याचा लगाम.

आपल्या देवळांतील चौघड्याचीही कल्पना मुळात हीच की प्रहर कानांवर यावा. परंतु चौघडा वाजविणारा माणूस असतो, तो पहाटेचा राग पहाटे घेतो आणि हात लांबवितो, आवरतो. घंटेला मींड नाही. तिचा स्वर एकदा ओतला तो ओतला. त्यामुळे ह्या रुळावर भूपाळी बसवावयाची म्हटली तर स्वर येतील, भूपाळी येणार नाही. मुंबईकरांनी ह्याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावे १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरात लंडनच्या लंड अँड ब्लॉकली ह्यांचे जे घड्याळ बसविले, ते पूर्वी सोळा सुरावटी वाजवी. त्यांत ‘रूल ब्रिटानिया’ होते, ‘होम, स्वीट होम’ होते. २८० फूट उंचीवरून ते सूर खालच्या मैदानावर पडत. आपला मात्र त्यांत एकही नव्हता. उभ्या घड्याळाचा थोरला भाऊ म्हणून हे यंत्र पाहण्यासारखे आहे. तत्त्व तेच, फक्त वजने आणि घंटा प्रचंड.

इतकी तयारी झाल्यावर आपले कल्पनेतील घड्याळ शहापूरच्या एखाद्या वाड्याच्या ओटीवर उभे करू. लंडनमध्ये ते बिनचूक चालत होते. येथे पहिल्याच दिवशी ते जवळजवळ दोन मिनिटे मागे पडेल. घडविणाऱ्याचा दोष नाही, आणणाऱ्याचाही नाही. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगीर आहे आणि तेथे तिचे भ्रमणही अधिक वेगाचे. म्हणून तिकडे गुरुत्वाकर्षण किंचित कमी आणि लंबकाचा झोका किंचित मंद. रिशेर हा फ्रेंच ज्योतिषी १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केयेनला गेला तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे घड्याळ तेथे रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. पृथ्वी तंतोतंत गोल नाही, ह्या न्यूटनच्या प्रतिपादनाला ह्या अनुभवाने मोठा आधार मिळाला. शहापूरचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस. गणित केले तर लंबक अडीच मिलिमीटरांहून थोडा अधिक आखूड करावा लागेल. लंबकाच्या खालची चाकी वर फिरविली की काम झाले. त्यातच लंडनहून पंधरा अंश अधिक उष्णता धरली तर पोलादी दांडी लांबल्यामुळे रोज आणखी सात-आठ सेकंद जातात. तीही चाकी भरून काढील. येथवर ठीक.

पण चाकीने आकाश फिरत नाही. तबकडीवर दिनमान दाखविणाऱ्या दोन पट्ट्या असतात. उन्हाळ्यात त्या खाली सरकतात, हिवाळ्यात वर येतात, आणि त्यांच्या कडांवरून उदयास्ताची वेळ वाचावयाची. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, सर्वांत लहान पावणेआठ तासांहून थोडासाच अधिक. शहापूरला मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, लहान अकरा तासांच्या. तेव्हा मार्गशीर्ष-पौषात हे घड्याळ चार वाजण्याच्या आतच सूर्य मावळवील, आणि इकडे ओटीवर उन्हे अजून पायरीवर असतील! लंडनच्या घड्याळाला सूर्य डोक्यावर येणे ही गोष्टच ठाऊक नाही. शहापूर-मुरबाडला वर्षातून दोनदा, मेचा मध्य उलटल्यावर आणि जुलैच्या अखेरीस, मध्यान्ही सावली पायाखाली नाहीशी होते. दुसऱ्या वेळी ती ढगांमुळे सहसा दिसत नाही, एवढेच. चंद्राची चकती तर फसवीतच राहील. लंडनमध्ये कोर बरीचशी उभी दिसते, म्हणून कारागिराने ती डावी-उजवी झाकली. आपल्याकडे ती पुष्कळदा होडीसारखी आडवी पडलेली असते.

ह्यात सह्याद्रीने आणखी भर घातली आहे. ह्या दोन तालुक्यांना पूर्वेकडे क्षितिज नाही, भिंत आहे. कड्याची उंची सात-आठशे मीटर आणि त्याचे अंतर पाच किलोमीटर धरले, तर पायथ्याच्या पाड्यावर सूर्यबिंब पंचांगातील उदयानंतर अर्ध्या तासाहूनही उशिरा दिसेल. पंचांग सपाट क्षितिज गृहीत धरते, घड्याळ लंडनचे गृहीत धरते. आणि नाणेघाटाखालचा शेतकरी कड्यावर ऊन कधी आले ते पाहून नांगर जुंपतो.

मग वाजले किती म्हणावयाचे? शहापूरचा स्वतःचा मध्यम काळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३६ मिनिटे ४० सेकंद मागे आहे, मुरबाडचा त्याहून काही सेकंदच कमी. हा काळ पूर्वी कागदावर नव्हता, तो उन्हात होता. १८७० च्या सुमारास देशातील रेल्वेने मद्रासची वेळ घेतली. तेव्हापासून आसनगाव, खर्डी, कसारा ह्या स्थानकांतील घड्याळे गावच्या उन्हाच्या सुमारे २८ मिनिटे पुढे धावू लागली. मुंबई शहराने ही वेळ सहजासहजी घेतली नाही. १८८१ मध्ये सरकारने ती कचेऱ्यांना लागू केली, लोकांनी विरोध केला आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईच्या महापालिकेने आपली ३८ मिनिटे ५० सेकंद मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईला आपल्या वेळेसाठी भांडावयास सभागृहे होती, वर्तमानपत्रे होती. शहापूरच्या वेळेसाठी कोण भांडणार? गाडी चुकू नये म्हणून माणसे स्थानकाच्या घड्याळाकडे पाहू लागली. एका प्रमाणवेळेवाचून रेल्वे चालणार नाही आणि ही भाषणेही वेळेवर ऐकू येणार नाहीत; त्या सोयीविरुद्ध तक्रार करणे वेडेपणाचे होईल. परंतु आपल्या गावचा मध्यान्ह केव्हा, हे शिकलेल्या घरातही आज कोणाला सांगता येत नाही, ही उणीव त्या सोयीतूनच आली आहे, आणि ती भरून काढावयास कोणाचे काही खर्च होत नाही.

अशा वेळी घड्याळजीपुढे दोन वाटा असतात. नव्या अक्षांशाप्रमाणे पट्ट्यांची चक्रे कापून बसवावयाची, चंद्राची चकती पुन्हा रंगवावयाची आणि रुळावरील खिळे उपटून देशी सुरावट ठोकावयाची. किंवा हे काहीच न करावयाचे. पहिली वाट मालकाला आवडणारी आहे. तिने घड्याळ शहापूरचे होईल, पण ज्या हाताने ७३ चे भाग पाडले त्या हाताचा पुरावा जाईल, आणि एकदा घासलेले पितळ परत येत नाही. दुसरीच वाट योग्य. लंबकाची चाकी फिरवावी, कारण ती पुन्हा उलट फिरविता येते. कोकणच्या पावसाळ्यात पोलादी आसांवर गंज चढतो, वजनांच्या तातेच्या दोऱ्या बुरसतात आणि कपाटाचे दार फुगून बसते. ह्या गोष्टींकडे पाहावे, आस पुसून बेताचे तेल द्यावे, दोऱ्या नव्या घालाव्यात. कपाटाची फळी कुजलीच तर तेथील सागवान लावावयास हरकत नाही, मात्र जुनी फळी जपून ठेवावी.

आणि आकाशाचे काय? त्याला जुन्या घड्याळांतच तोड आहे. सूर्याचा आणि घड्याळाचा फरक दाखविणारे छापील कोष्टक कपाटाच्या दाराला आतून चिकटविण्याची तिकडे वहिवाट होती. त्याच जागी शहापूरचे कोष्टक हाताने लिहून टांगावे, चिकटवू नये. त्यात महिन्यागणिक उदयास्त असावेत आणि गावचा खरा मध्यान्ह प्रमाणवेळेत द्यावा: ३ नोव्हेंबरला तो १२ वाजून २० मिनिटांनी होतो, ११ फेब्रुवारीला १२ वाजून ५१ मिनिटांनी. पडताळा पाहण्यास अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते घरातील मुलांना टिपावयास सांगावे.